भिंतीवरचं अनोळखी नाव

“नाव वाचल्याशिवाय भिंतीपुढून जायचं नाही. घाई असली तरी नाही. त्या माणसाला आता हाक मारता येत नाही, म्हणून आपण थांबायचं.”

आईनं हे सांगितलं तेव्हा एर्सिलिया सात वर्षांची होती आणि आईच्या कोटाच्या खिशात हात घालून चौकातून चालली होती. आता ती शहात्तरची झाली. आई जाऊन चाळीस वर्षं उलटली, तरी सकाळच्या मिस्साहून, चर्चमधल्या प्रार्थनाविधीहून, परतताना उत्तरेकडच्या कमानींखालची ती भिंत आली की तिचे पाय आपोआप थांबत. शहरात कुणी वारलं की काळ्या चौकटीचा कागद याच भिंतीवर लागतो. नाव, वय, मागं कोण राहिलं, मिस्सा कुठं आणि किती वाजता. भाजी घ्यायला निघालेली माणसंही आधी भिंत वाचतात आणि मग टोमॅटो निवडतात.

बाकीचे वाचून पुढं जात. एर्सिलिया उभी राहून प्रत्येक नावासाठी प्रार्थना करी. हा तिचा रोजचा नेम. साठ वर्षांत तो दोनदाच मोडायची वेळ आली, एकदा बाळंतपणात आणि एकदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, आणि दोन्ही वेळा तिची मैत्रीण रीना भिंत वाचून यायची आणि जिन्यातूनच नावं ओरडायची. “आजचे तीन. दोन म्हातारे आणि एक नोटरी.” नोटरीला माणसांत धरायचं की नाही, हे रीनाचं कधी ठरलं नव्हतं.

नेमात एर्सिलियानं स्वतःपुरती एक सवलत मात्र घेतली होती. ओळखीचं नाव असलं की पूर्ण स्तोत्र. अनोळखी असलं की चार ओळींची छोटी प्रार्थना. आईनं असा भेद कधी केला नव्हता. पण आईचे गुडघे चांगले होते, आणि तेव्हा शहरही लहान होतं.

नोव्हेंबर हा मृतांचा महिना. त्या वर्षी थंडी लवकर आली आणि पहिल्या पंधरवड्यात भिंतीवर कागदाला कागद चिकटून लागले. अकरा नावं एका आठवड्यात. एर्सिलिया एकेका पायावर भार बदलत उभी राही, आणि घरी पोचेपर्यंत बोटं गारठून जात.

एकोणीस तारखेच्या सकाळी ती भिंतीपुढून निघाली, चौक ओलांडायला लागली आणि सवयीनं वर पाहिलं. घड्याळाच्या मनोऱ्याशेजारच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हिरव्या झडपा उघड्या होत्या.

ती चौकाच्या मध्येच उभी राहिली. त्या झडपा चौदा महिने बंद होत्या. रीना पडली, कंबरेचं हाड मोडलं, आणि समुद्राकाठच्या गावातल्या वृद्धाश्रमात तिला ठेवलं, तेव्हापासून. रविवारी एर्सिलिया फोन करायची. ऑक्टोबरचे शेवटचे तीन रविवार तिथली बाई म्हणत होती, झोपल्यात, उठवू का? आणि एर्सिलिया म्हणायची, नको, झोपू दे. मृतांचा सण झाला की बसनं जाऊन येईन, असं तिनं ठरवलंही होतं. मग गुडघा सुजला, आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत नोव्हेंबरातले रविवारचे फोनही राहून गेले.

तिनं क्विंतोच्या कॉफीच्या दुकानाचं दार ढकललं.

“क्विंतो, रीनाच्या झडपा उघड्यात.”

“मी नाही उघडल्या.” क्विंतो पेले पुसत होता. साठीचा माणूस, पण चौकातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तो अजून पोरगाच वाटे.

“आली असेल का ती?”

“मेझ्झोरा? आली असेल. ये म्हटल्यावर अर्ध्या तासानं येणारी बाई. तिच्या हिशेबानं चौदा महिने म्हणजे वेळेआधीच.”

कोपऱ्यात पत्ते खेळणारे दोघं हसले. “तिला म्हणावं, माझ्या कोटाचं बटण गेल्या वर्षीपासून तुटलंय,” एकजण म्हणाला. “तिच्यासाठी थांबलोय.”

“तुझ्या बायकोला येत नाही का लावायला?” क्विंतोनं विचारलं.

“बायकोला लावता येतं. पण बटण कुठलं ते मेझ्झोरालाच कळतं.”

खरंच होतं ते. कमानींखाली रीनाचं बटणांचं दुकान तीस वर्षं होतं, पाटी नसलेलं. मेझ्झोराकडं जा, एवढं सांगितलं की शेजारच्या खेड्यातला माणूसही येऊन पोचायचा. मेझ्झोरा म्हणजे अर्धा तास. या शहरात घराण्यांना अशी नावं पडतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहतात. कुणी म्हशीचं, कुणी लसणीचं, कुणी तीनपायाचं. दर तिसऱ्या घरात आडनाव एकच असल्यावर माणसांना वेगळं ओळखायचं तरी कसं? रीनाचे वडील चौकातल्या घड्याळाला किल्ली द्यायचे. एका हिवाळ्यात घड्याळ अर्धा तास मागं पडलं, बिशप भेटीला आले तेव्हा बर्फानं भरलेल्या चौकात त्यांच्यासमोर एक कबूतरही नव्हतं, आणि तेव्हापासून ते घर मेझ्झोरांचं झालं.

एर्सिलियानं बडीशेपेची बिस्किटं बांधून घेतली. रीनाला ती वाइनमध्ये बुडवून लागत.

तिसऱ्या मजल्यापर्यंत बासष्ट पायऱ्या. दर वळणावर ती थांबली, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा चढली. दार उघडंच होतं. आत खोकी रचलेली होती आणि एक टक्कल पडलेला, उंच माणूस बटणांचे लाकडी खण एकात एक घालत होता.

“रीना कुठंय?” दम लागला होता तरी ती हसत होती. “तिला सांग, एर्सिलिया आलीय. आणि जिना चढून आलीय, तेव्हा आज ती झोपलीय असं सांगितलेलं चालणार नाही.”

तो माणूस खण हातात धरून तसाच उभा राहिला. “तुम्ही एर्सिलिया? मी लेआंद्रो. तिचा भाचा, तुरीनहून.” मग त्यानं खण हळूच खाली ठेवला. “सिन्योरा, बसा जरा.”

“बसते, पण ती...”

“मावशी वारली. सात तारखेला, पहाटे. झोपेतच.”

एर्सिलिया बसली नाही. तिनं पुडी दुसऱ्या हातात घेतली.

“सात तारखेला,” ती म्हणाली. “आज एकोणीस.”

“तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?” त्याच्या आवाजात आधी नवल होतं, मग काहीतरी कडवट आलं. “आम्ही कागद लावले होते. इथंच, तुमच्या चौकात. चार कागद. मी स्वतः उभा राहून लावून घेतले. दफनाला किती जण आले सांगू? मी, माझी बायको, आश्रमातली एक परिचारिका आणि पाद्री. चौघं. त्यातला पाद्री तर कामासाठीच आलेला.”

“मी रोज वाचते,” एर्सिलिया म्हणाली. “एक दिवस चुकवत नाही.”

“मग?”

“दाखव मला.”

ते खाली उतरले. उतरताना तिनं कठड्याला धरलं आणि त्यानं दुसरा हात धरला. ती नको म्हणाली नाही. कमानींखाली भिंतीवर नवे कागद जुन्यांवर चढले होते. लेआंद्रोनं शोधलं, एका कागदाची कड नखानं उचलली आणि खालचं दाखवलं. अर्धा फाटलेला, पण अक्षरं शाबूत.

आदाल्जीझा कोच्ची. वय ७८. बहीण ओत्ताविया आणि भाचा लेआंद्रो यांच्याकडून. मिस्सा नऊ तारखेला सकाळी, स्मशानातल्या छोट्या चर्चमध्ये.

एर्सिलियाला तो कागद आठवत होता. ती नऊ तारखेच्या सकाळीच याच्यापुढं उभी होती. पाऊस होता आणि कमानीतून वारा येत होता. कोच्ची. कोच्ची काय, शंभर आहेत. नावाखालची नातलगांची ओळ पावसात तिनं नीट वाचलीही नव्हती. आदाल्जीझा, असलं नाव आता कुणी ठेवत नाही. बिचारी माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी, असं तिच्या मनात आलं होतं. मग तिनं छोटी प्रार्थना म्हटली होती, ओळखीची नसली की म्हणायची ती. शेवटचे शब्द तर चालता चालता म्हटले होते, कारण घरी स्टोव्हवर चणे होते.

“सिन्योरा?”

“मी हे वाचलं,” ती म्हणाली. “इथंच उभी राहून वाचलं.”

“आणि आला नाहीत.”

“मला ती रीना म्हणून माहीत होती रे.” तिचा आवाज मोठा झाला नव्हता. तो कधी होत नसे. “पन्नास वर्षं संध्याकाळी या चौकात आम्ही हातात हात घालून फेऱ्या मारल्या. सात फेऱ्या, उन्हाळ्यात नऊ. तिला कोणता दात दुखतो ते मला माहीत होतं. हे नाव मला कुणी सांगितलंच नाही.”

चेहऱ्यावरचा राग कुठं ठेवावा हे लेआंद्रोला कळेनासं झालं.

एर्सिलियानं भिंतीकडं तोंड केलं आणि पूर्ण स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. साठ वर्षं म्हटलेलं. तिसऱ्या कडव्यापाशी शब्दच आले नाहीत. ती मागं गेली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. बाजूनं भाजीची पिशवी घेतलेली एक बाई गेली आणि सवयीनं म्हणाली, “बोन जोर्नो एर्सिलिया, आज कोण?” एर्सिलियानं मान हलवली. ती बाई थांबली नाही.

“टोपणनाव का नाही घातलंस?” वळून ती म्हणाली. “सगळे घालतात. नावाखाली, अवतरणात. रीना मेझ्झोरा, एवढे दोन शब्द असते तर अख्खा चौक तिच्यामागून चालला असता. तो क्विंतोसुद्धा, दुकान बंद करून. आत्ता सकाळी तिच्या नावानं थट्टा करत होता. मेलीय हे कुणाला माहीतच नाही. त्यांना वाटतंय ती यायचीय.”

“मला वाटलं, शहर तिला विसरलं,” लेआंद्रो सावकाश म्हणाला. “परत जाताना मी गाडीत बायकोला म्हटलं, आई म्हणायची तेच खरं, असलं शहर.” त्यानं कपाळ चोळलं. “मी नाही घातलं, सिन्योरा. आईनं बजावलं होतं. निदान मेल्यावर तरी तिला तिचं नाव मिळू दे, म्हणाली. मला वाटलं, यात गैर काय आहे? उलट चांगलंच आहे.”

एर्सिलियानं कागदावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

“सात डिसेंबरला तिसाव्या दिवसाचा मिस्सा आहे,” तो म्हणाला. “यावेळी इथंच, चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये. कागद छापायला टाकलाय.”

“त्यावर काय लिहिलंय?”

“आदाल्जीझा कोच्ची.”

“मग पुन्हा तुम्ही चौघंच असाल. मी धरून पाच.” एर्सिलियानं फाटलेल्या कागदाची कड तळहातानं दाबून चिकटवायचा प्रयत्न केला. ती पुन्हा सुटली. “लेआंद्रो, तिला आता तेवढा एकच दिवस उरलाय. त्यानंतर या भिंतीवर तिचा कागद लागणार नाही. त्या दिवशीही कुणी आलं नाही तर ती इथून निरोपावाचून गेली असं होईल. अख्खा जन्म इथं काढून.”

“मला पटतंय. पण आईच्या शब्दाबाहेर मी नाही जाणार. ती चौऱ्याऐंशीची आहे, तिला प्रवास झेपत नाही, म्हणून दफनालाही येता आलं नाही. रोज फोन करून विचारते, किती माणसं होती? मी सांगतो, होती बरीच.” तो ओशाळला. “तुम्हीच बोला तिच्याशी.”

रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात त्यानं फोन लावून दिला आणि तो बाहेरच्या खोलीत गेला. एर्सिलिया खिडकीशी एका खोक्यावर बसली.

“कोण?” पलीकडचा आवाज जाड, खरखरीत होता. “मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं आणि तू कुजबुजतेस.”

“मी एर्सिलिया. रीनाची मैत्रीण.”

“शिंपिणीची पोर? जिचं नाक सारखं वाहायचं ती?”

“हो. तीच.”

“अजून वाहतं का?”

“थंडीत.”

पलीकडं एक छोटंसं हसू आलं आणि लगेच विरलं. “लेआंद्रो म्हणतो दफनाला पुष्कळ माणसं होती. खोटं बोलतो. लहानपणापासून त्याला खोटं बोलता येत नाही. तू होतीस?”

एर्सिलियानं आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोलून पाहिलं होतं. “नव्हते,” ती म्हणाली. “कागद वाचला, पण ती आहे हे मला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही, ओत्ताविया. राग सोडून ऐक. तिसाव्याच्या कागदावर मेझ्झोरा लिहू दे. मी हात जोडते.”

“नाही.”

“इथं कुणी ते वाईट अर्थानं नाही म्हणत. प्रेमानं म्हणतात.”

“प्रेमानं!” ओत्ताविया म्हणाली. “घड्याळ कुणी बिघडवलं होतं, ठाऊक आहे तुला?”

“तुमच्या वडिलांना ताप होता म्हणतात. काही म्हणतात, प्यायले होते.”

“बाबा थेंब घेत नसत. ताप होता हे खरं. त्यांना उठता येईना म्हणून मी वर चढले. चौदा वर्षांची होते. किल्ली दिली आणि उतरताना शालीत काटा अडकला आणि सरकला. माझ्या लक्षात आलं होतं. किती सरकला ते कळेना, वर बर्फाचा वारा, हात बधिर. अंदाजानं लावला आणि खाली आले. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बिशप येऊन उभे राहिले आणि सगळं शहर अंथरुणात. बाबांचं काम गेलं. बेवडा म्हणाले त्यांना, आणि ते माझ्याकडं बघायचे, विचारायचे काही नाहीत.”

खाली चौकात कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. एर्सिलियानं फोन कानाशी घट्ट धरला.

“एकोणिसाव्या वर्षी मी तुरीनला पळाले,” ओत्ताविया म्हणाली. “इथं मला सगळे ओत्ताविया म्हणतात. मला तेवढंच हवं होतं. ती तिथंच राहिली. रोज कुणी ना कुणी चौकातून तिला माझ्या चुकीमुळं पडलेल्या नावानं हाक मारायचं आणि ती ओ द्यायची. सत्तर वर्षं.”

“तिला माहीत होतं? तू लावलंस ते?”

“आठ वर्षांची होती. मनोऱ्यात शिडी धरून उभी होती ती. तिला नाही तर कुणाला माहीत असणार?”

पन्नास वर्षांच्या फेऱ्या. त्या मनोऱ्याखालून रोज सात वेळा जाणं झालेलं. रीना वर बघायची, घड्याळ पुढं आहे की मागं याच्यावर काहीतरी चेष्टा करायची, आणि एर्सिलिया हसायची. तिचं नाव आपल्याला माहीत नव्हतं आणि ही गोष्टही नव्हती. मग आपण इतकी वर्षं काय बोलत होतो?

“मीही तिला मेझ्झोरा म्हणायची,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. तिला वाईट वाटायचं का?”

“मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.” ओत्ताविया खोकली. “तुझ्याबद्दल बोलायची ती. म्हणायची, एर्सिलिया जिना चढताना देवाचं नाव घेते आणि उतरताना गुडघ्याला शिव्या देते.”

“शिव्या नाही देत मी.”

“म्हणे, अगदी हळू देतेस. जवळ असलं तरच ऐकू येतात.”

एर्सिलियाला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून वाहायला लागले, आणि ते थांबेचनात. पलीकडं ओत्ताविया वाट पाहत राहिली. तिनं गप्प हो म्हटलं नाही, धीरही दिला नाही. आपल्या बहिणीसाठी कुणीतरी रडतंय हे ती ऐकत होती.

“मला ते नाव भिंतीवर नको,” शेवटी ती हलकेच म्हणाली. “चार दिवस चौकानं तिचं खरं नाव वाचावं. पण माणसं यायला हवीत, मलाही हवीत. तू म्हणतेस त्यांना कळणार नाही. मग तू सांग.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. दारोदार. पण आधी तिचं नाव घ्यायचं, पूर्ण. मग थांबायचं. समोरच्यानं विचारलं पाहिजे, ही कोण? मगच सांगायचं ही कोण ते. घाई करून आधी दुसरं नाव घ्यायचं नाही. बोलणाऱ्याला कितीही अवघड वाटलं तरी.”

“आणि त्यांनी विचारलं, कागदावर मेझ्झोरा का नाही, तर?”

“मग घड्याळाचं सांग. बाबा प्यायलेले नव्हते हे सांग. मी सांगायला हवं होतं, पण मी तिथं येऊ शकत नाही, आणि येऊ शकत होते तेव्हा आले नाही.” आवाज पुन्हा खरखरीत झाला. “शपथ घे.”

“शपथ मी घेत नाही, ओत्ताविया. पण हो म्हणते.”

“तेवढं पुरे. नाक पूस आता.”

लेआंद्रोनं फोन परत घेतला. त्यानं एक खण पुढं केला. सदऱ्याची, शिंपल्याची बटणं, रीनाच्या हातानं दोऱ्यात ओवलेली. “तुम्हाला काही हवं असलं तर घ्या,” तो म्हणाला. एर्सिलियानं खणात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि रिकामाच बाहेर काढला. बिस्किटांची पुडी तिनं ओट्यावर ठेवली. त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

“मी येऊ का बरोबर?”

“नको. तू खोकी आवर. तुझ्या उंचीनं लोक घाबरतील आणि मला वेळ लागणार आहे.”

जेवणाच्या वेळी चौकातली दुकानं मिटतात आणि चार वाजता पुन्हा उघडतात. एर्सिलिया घरी गेली, सूप गरम केलं, चार घोट घेतले आणि बाकीचं तसंच राहू दिलं. सण असल्यासारखा तिनं चांगला काळा कोट काढला, त्याच्यावर ब्रश फिरवला. आरशापुढं उभी राहून ती नाव म्हणून बघायला लागली. आदाल्जीझा. जिभेला सवय नव्हती, पहिल्या वेळी मधलं अक्षर गिळलं गेलं. दुसऱ्या वेळी बरं आलं. तिसऱ्या वेळी तिला वाटलं, या नावाची बाई आपण कधी पाहिलीच नाही, आणि तरी तिच्या कोणत्या खांद्यावर तीळ आहे ते आपल्याला माहीत आहे.

तिनं मनात दारं मोजली. कमानींखाली चोवीस. वरच्या मजल्यांवर तीस-पस्तीस, त्यात चार ठिकाणी लिफ्ट नाही. क्विंतोकडं आज जायचं नाही. सकाळी त्यानं थट्टा केली होती, त्याला हे एकट्याला सांगायला हवं, दुकानात गर्दी नसताना. पत्ते खेळणाऱ्या त्या माणसालाही. त्याचं बटण आता तुटलेलंच राहणार.

मग तिनं ठरवलं की सुरुवात औषधाच्या दुकानापासून करायची, कारण तिथं माणसाचं नाव कागदावर असतं तसंच, पूर्ण, वाचायची पद्धत आहे.

चार वाजता झडपा वर सरकल्याचे आवाज चौकभर झाले. एर्सिलिया जिना उतरली. गुडघा दुखत होता, पण आज ती त्याला काही बोलली नाही. दगडी फरशीवर सकाळचं पाणी अजून चमकत होतं आणि संध्याकाळच्या फेऱ्यांना माणसं जमायला लागली होती, जोडीजोडीनं, हातात हात घालून. दोघांनी तिला मान लवून नमस्कार केला. तिनंही केला, आणि त्यांच्यामधून वाट काढत, ओठांतल्या ओठांत ते नाव नीट घोळवत, ती औषधाच्या दुकानाच्या दिशेनं चालू लागली.